मनुबाईच्या नाळेची फळी

बडोदे,
ता. २४ जुलै १९८८

ती. गोमाजीकाकांस,
मालूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी आज उत्तराला बसतेय. बायजाकाकूने मला घातलेल्या शिव्या इथवर ऐकू आल्या, तेव्हा त्या पुन्हा कळवू नका. कल्याणहून आईचंही पत्र आलं. गुडघे सोडून बाकी सगळं ठीक आहे म्हणते.

आता कामाचं. इथल्या म्युझियममध्ये मदतनीस म्हणून मला सहा महिने झाले. आमचे सर एक प्रदर्शन भरवताहेत. ज्यांना कोणी कधी चित्रकार म्हटलं नाही अशा माणसांची चित्रं त्यात असतील. कोणी लग्नघराच्या भिंती रंगवल्या, कोणी दुकानाच्या पाट्या, कोणी होड्या. डिसेंबरात मुंबईला, काळ्या घोड्याजवळच्या गॅलरीत ते लागेल. मी सरांना आपल्या मनुबाईबद्दल सांगितलं. आजीचं नाव दिलेली ती होडी मोडली, पण तिच्या नाळेची, म्हणजे तोंडाकडची रंगवलेली फळी तुम्ही अजून माळ्यावर ठेवलीय, तीही सांगितली. दोन बाजूंना पापलेटं, मध्ये हिरव्या लुगड्यातली बाई आणि तिच्या मांडीवर बाळ, म्हणजे मी. सर म्हणाले, की मागवून घे.

काका, बाबा गेले तेव्हा मी चार महिन्यांची. त्यांचा फोटो एकच, तोही कुणाच्या तरी लग्नातला, त्यात अर्धा चेहरा फेट्याने झाकलेला. त्यांनी मला डोळे भरून पाहिलं होतं याची खूण म्हणजे ती फळी. दर मे महिन्यात कोलशेतला आले, की मी आधी तिच्याकडे धावायची हे तुम्हाला आठवत असेल. आता तिच्याखाली पाटी लागेल आणि पाटीवर त्यांचं नाव. गावात ज्यांनी त्यांना रंगारी म्हणून हिणवलं, त्यांना मी तिथे नेऊन उभं करणार आहे.

दोन सप्टेंबरला आमची गाडी मुंबईहून परतताना घोडबंदर रोडने येईल आणि फळी घेऊन जाईल. ती नीट पाठवा. बघणारे मोठे लोक आहेत, आपल्या घराची शोभा आहे. मन शंका काढत असेल तर एकदा मुंबईला जाऊन ती गॅलरी आणि म्युझियम पाहून या. आपली वस्तू कुठे जाणार ते बघायला नको?

काकूला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
मालू


कोलशेत,
ता. ८ ऑगस्ट १९८८

चि. मालूस,
गोमाजीकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सांगण्यावरून काल मुंबई करून आलो. बायजा म्हणाली, की कंपनीतून रिटायर झाल्यापासून तुम्हाला उकिरडेसुद्धा बघायला जायचं असतं. तिला सोबत नेली नाही म्हणून हा राग.

व्हीटीला उतरून चालत गेलो. काळा घोडा, काळा घोडा म्हणून लोकांनी वाट दाखवली, पण घोड्याचा पत्ता नाही. पानवाल्याने सांगितलं, की घोड्याचा पुतळा सरकारने राणीच्या बागेत हलवून वीसएक वर्षं झाली, नाव तेवढं मागे राहिलं. मग त्या घुमटाच्या म्युझियममध्ये गेलो. तिकीट काढलं. आत देवांच्या मूर्ती, नाक तुटलेल्या, हात तुटलेल्या. आपल्याकडे भंगलेली मूर्ती खाडीत सोडतात, इथे तिला दिवा लावून पहारेकरी बसवतात. वर साहेबलोकांची चित्रं आहेत, सोन्याच्या चौकटीत. एक एक चित्र असं लखलखीत, की माझं टक्कल त्यात दिसलं. शंभर वर्षांची म्हणे, पण रंग कसा, काल लावल्यासारखा. पहारेकऱ्याला विचारलं, तर म्हणाला, की आमची माणसं पुसतात, रोगण देतात, काळजी घेतात.

गॅलरीत मात्र मला काही कळलं नाही. एक कागद तर काळा नि मध्ये तांबडा ठिपका. मी बराच वेळ उभा राहिलो, तेव्हा एक बाई येऊन फार कौतुकाने मला विचारू लागल्या, की काय वाटलं. मी सांगितलं, की चप्पल शोधतोय. खरंच एक चप्पल बाकाखाली गेली होती.

घोडा राहिलाच होता, म्हणून भायखळ्याला राणीच्या बागेत गेलो. आहे तिथे, पाठीवरच्या इंग्रज राजासकट. शेजारी घारापुरीचा दगडी हत्तीही आहे. साहेब त्याला विलायतेला नेत होता, उचलताना तो पडून फुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला, असं तिथला माळी सांगत होता. मला वाईट वाटलं. खाडीपल्याडचा आपलाच तो.

घरी येऊन माळ्यावरची फळी खाली काढली आणि मालू, मला लाज वाटली. डांबराचे ओघळ, पापलेटाचे खवले उडालेले, बाईच्या लुगड्याला पोपडे. त्या सोन्याच्या चौकटींच्या ओळीत ही अशी उभी करायची? दादाला जिवंतपणी कमी हसले का लोक? मीच पहिला. ब्रशाने मासळी गावत नाही, असं मी त्याला तोंडावर म्हणायचो. ते अजून टोचतं. तू काळजी करू नकोस. तुझ्या बापाची शोभा होईल असं मी बघतो.

लोभ वाढावा, पत्रं मात्र तीन आठवड्यांनी येऊ नयेत.

तुझा काका,
गोमाजी


बडोदे,
ता. १५ ऑगस्ट १९८८

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी सरांना वाचून दाखवलं. चपलेवर ते इतके हसले, की चहा सांडला. म्हणाले, की तुझे काका आमच्या समितीत हवेत.

समितीवरून आठवलं. सगळ्या वस्तू आल्यावर पंचवीस सप्टेंबरला निवड होईल. सत्तर वस्तूंतून चाळीस घेणार. सरांनी बाबांचं नाव यादीत वर लिहिलंय, कारण होडीवरचं माणसाचं चित्र दुसरं कुठेच मिळालेलं नाही. पण समितीत दोघे फार कडक आहेत. वस्तू अस्सल हवी, करणाऱ्याचा हात त्यात दिसला पाहिजे, एवढाच त्यांचा हेका आहे. मला आत्तापासून झोप नाही.

आणि काका, तुम्ही ‘मी बघतो’ लिहिलंत, म्हणजे काय बघणार आहात? डांबर असू दे. पोपडे असू देत. गोणपाटात गुंडाळून दिलीत तरी चालेल. उलट टपाली कळवा. माझा जीव उगाच वरखाली होतोय.

काकूला सांगा, की पुढच्या वेळी तुम्ही तिला न्याल असं मी वचन देते.

तुमची माया आहे म्हणूनच हट्ट करते.

मालू


कोलशेत,
ता. २२ ऑगस्ट १९८८

चि. मालूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा जीव वरखाली व्हायचं कारण नाही. गोणपाटात गुंडाळायला ती काय सुकट आहे? तुझी कॉलेजं झाली, पण घरची रीत तू विसरलीस. नारळी पुनवेला रंग न देता होडी पाण्यात घातलेली तू ऐकलीस का कधी? आणि होडी दुसऱ्याच्या दारी जायची असेल, विकलेली असो की आहेरात दिलेली, तर ती न्हाऊन, रंगून, नाळेला हार घालून जाते. नाहीतर घेणारा म्हणतो, की ह्यांच्या घरी पोरीला नेसायला धड लुगडं नव्हतं. मनुबाई तर बडोद्याला चाललीय, पार परमुलखात.

वर्तकनगरला पोपटशेठच्या दुकानातून रंग आणले. हिरवा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि डोळ्यांसाठी छोट्या डबीत काळा. चांगल्या कंपनीचे घेतले. पाचही डब्यांवर बायजाने हळदकुंकू वाहिलं. गुरुवारी धरतो, पुनवेच्या आत होईल. रेघ ना रेघ जुन्याच रेघेवरून मारणार, इकडची तिकडे होणार नाही. तुझ्या समितीतले ते दोघे कडक आहेत ना, त्यांनाही कळू दे, की तांडेलांच्या घरून वस्तू आली.

हात थोडा कापतो हल्ली. पण सकाळच्या उजेडात बसलो की जमतं.

वहिनीला मी कल्याणला कळवलेलं नाही, तूही सांगू नकोस. तिला एकदम दाखवू.

आशीर्वाद आहेतच, वेगळे काय मागायचे.

तुझा काका,
गोमाजी


तार
बडोदे, २६ ऑगस्ट १९८८

फळीला रंग लावू नका. हात लावू नका. आहे तशी ठेवा. पत्र मागून. मालू.


कोलशेत,
ता. २८ ऑगस्ट १९८८

चि. मालूस आशीर्वाद. वि. वि.

तार शुक्रवारी संध्याकाळी आली. तारवाल्याला बघून बायजाने हंबरडाच फोडला. तिला वाटलं, वहिनीचं काही बरंवाईट झालं. तार वाचल्यावर कोणी गेलं नाही म्हणून ती देवापुढे बसली, आणि मी ओट्यावर बसलो तो दिवेलागण झाली तरी उठलो नाही.

पोरी, उशीर झाला. दोन्ही पापलेटं झाली होती. कड झाली होती, बाईचं लुगडं झालं होतं, तिचा चेहराही झाला होता. बाळ तेवढं राहिलं. ते मी शेवटाला ठेवलं होतं, कारण तिथे हात कापून चालत नाही. तार आल्यावर ब्रश धुऊन ठेवला.

मी काय चुकलो ते मला अजून नीट कळलेलं नाही. पण तू तारेला पैसे घातलेस, एका गोष्टीसाठी दोनदा ‘नका’ म्हणालीस, म्हणजे मोठं काही असणार. काल पुनव झाली. सगळ्यांनी खाडीला नारळ दिला, मी गेलो नाही. ओला रंग पुसू का म्हणून मनात आलं, पण आणखी बिघडेल या भीतीने तसाच ठेवला. शुक्रवारी गाडी येईल तेव्हा देऊ की नको, एवढं कळव. नाही कळवलंस तर देईन.

काका


बडोदे,
ता. ५ सप्टेंबर १९८८

ती. काकांस नमस्कार.

फळी पोचली.

गोणपाट सोडलं तेव्हा सगळे भोवती उभे होते. सर चष्मा काढून पुसत राहिले. दुकानाच्या नव्या पाटीसारखी दिसते ती. आणि मध्ये ते बाळ, जुनं, फिकं, तडा गेलेलं, दुसऱ्या कुणाच्या चित्रातून येऊन बसल्यासारखं.

तुम्ही प्रेमाने केलंत हे मला कळतं. कळतं म्हणूनच कुणापुढे ओरडता येत नाही. पण बाबांच्या हाताच्या वस्तू जगात किती होत्या, काका? एक. तिच्यावर तुम्ही पोपटशेठचा रंग फासलात. ते जिवंत असताना तुम्ही त्यांच्या ब्रशाला हसलात, असं तुम्हीच लिहिलंत. आता तर तुम्ही त्यांना पुसूनच टाकलंत. बाबा माझ्यासाठी दुसऱ्यांदा गेले.

रंग अजून पुरता वाळलेला नाही. टर्पेंटाइनने हळूहळू निघेल असं सर म्हणतात, खात्री देत नाहीत. मी त्या खोलीत थांबू शकत नाही.

आईला मी काही लिहिलेलं नाही.

मालू


बडोदे,
ता. १२ सप्टेंबर १९८८

ती. काकांस शि. सा. नमस्कार.

उद्या गणपती. मागचं पत्र टाकलं आणि पेटीत हात घालून परत काढता आलं असतं तर काढलं असतं. तुमचं उत्तर आलं नाही, ते बरोबरच आहे. पण आज मला तुमच्याकडून उत्तर हवंच आहे, रागावून का होईना.

तुमचा नवा रंग निघाला. सगळा निघाला, खालचं काही दुखावलं नाही. मी आनंदाने रडले. मग सरांनी भिंग घेऊन फळीची कड तपासली, जिथे टवका उडालाय तिथे. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर आहेत, एकावर एक सोळा. सरांनी विचारलं, की तुझे वडील कोणत्या साली गेले. मी चौसष्ट सांगितलं. होडी कधी बांधली? त्रेसष्टला, असं आईकडून ऐकलेलं. मग ते बोटांवर मोजत राहिले. मलाही मोजता येतं, काका.

आणखी आहे. बाळाच्या पायाशी त्यांनी नखाएवढी जागा तळापर्यंत उघडून पाहिली. बाळाचे थर पंधराच आहेत. सगळ्यात खाली बाळ नाही. तिथे नुसता बाईचा हात आहे, मांडीवर ठेवलेला.

सर म्हणतात, की वरचे पंधरा काढून सर्वांत खालचं चित्र मोकळं करता येईल. महिन्याभराचं काम, पण होईल. समितीला तेच हवं, दामाजी तांडेलांचा स्वतःचा हात. मला तेवीसपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय. वरचं एकदा काढलं की ते गेलं, परत लावता येत नाही.

हे सोळा थर कुणाचे? आणि चित्रातली मी कुणी काढली? खरं असेल ते लिहा.

मालू


कोलशेत,
ता. १७ सप्टेंबर १९८८

चि. मालूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मागच्या पत्राचा राग मी धरलेला नाही. उत्तर दिलं नाही, कारण काय लिहायचं ते सुचेना. खरं लिहिलं तर तुझं मन मोडणार, खोटं लिहिलं तर माझं. आता तू मोजलंच आहेस, तेव्हा लिहितो. बायजा शेजारी बसलीय आणि लिहा म्हणतेय.

सोळांतला एक दादाचा. पंधरा माझे.

त्रेसष्टच्या पुनवेला दादाने नवी मनुबाई रंगवली. तेव्हा तुझी आई नवी नवरी. तिला समोर बसवून काढली, दोन्ही हात मांडीवर, नजर खाडीकडे. गावाने तोंडात बोटं घातली आणि मग हसलं. पुढल्या आषाढात कावीळ होऊन तो गेला. कल्याणहून तुझा मामा आला आणि श्रावणात वहिनीला, तुला घेऊन जातो म्हणाला. त्याचंही खरं होतं, आमच्या घरी खाणारी तोंडं नऊ. तुम्ही निघणार त्याच्या आधी चार दिवस पुनव होती. होडीला रंग द्यायलाच हवा, आणि रंग देणारा गेलेला. मी ब्रश धरला. आयुष्यात पहिल्यांदा. दादाच्या रेघेवरून रेघ मारत गेलो, जीव मुठीत धरून, की निदान त्याचा हात तरी होडीवर राहू दे. सगळं जमलं. मग त्या बाईच्या मांडीशी आलो. रिकामी मांडी, नवरा गेलेला, आणि बाई पाण्याकडे बघतेय. मला ती तशी रंगवता येईना. तू पडवीत पाळण्यात होतीस. बघून बघून तुला काढली. बाळाचं डोकं भोपळ्याएवढं झालं ते त्यामुळे, मला कुठे येत होतं?

पुढे दरसाल तेच. होडी अठ्ठ्याहत्तरपर्यंत चालली, तोवर पंधरा वेळा तुला काढली. तू मे महिन्यात यायचीस, रंग लागायचा श्रावणात, म्हणून तू कधी पाहिलं नाहीस. पाच वर्षांची असताना तू फळीवर बोट ठेवून विचारलंस, की हे बाळ कोणाचं. वहिनी म्हणाली, की तूच ती, तुझ्या बाबांनी काढलीय. बोलून तिने माझ्याकडे पाहिलं. मी जाळं विणत बसलो होतो, मान वर केली नाही. एका पोरीला बाप मिळत होता, मी कशाला आडवा येऊ?

आता तुझ्या प्रश्नाचं. काढून टाक माझे पंधरा. खरंच सांगतो, मनापासून सांगतो. तो होता तोवर त्याच्या हाताला मी हसलो, निदान आता तो उघडा होऊ दे. समितीला तो हवा आहे, तुलाही तोच हवा होता. मी काही चित्रकार नाही, माझं नाव कुठे घालू नकोस. फक्त एवढं ध्यानात ठेव, की खालच्या चित्रात तू नाहीस. ते बघताना तुला वाईट वाटेल, म्हणून आधी सांगून ठेवतो.

वहिनीवर रागावू नकोस. तुला लागू नये म्हणून बोलली ती.

आशीर्वाद देतो. घेशील ना?

तुझा काका,
गोमाजी


बडोदे,
ता. २८ सप्टेंबर १९८८

ती. गोमाजीकाकांस,
मालूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र बावीसला संध्याकाळी मिळालं, म्हणजे अगदी वेळेवर. ते घेऊन मी फळी ठेवलेल्या खोलीत जाऊन बसले. भोपळ्याएवढं डोकं आहे खरं. चोवीस वर्षांत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

तेवीसला सरांना ‘नाही’ सांगितलं. त्यांनी मला दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही. पायाशी उघडलेली नखाएवढी जागा तशीच ठेवलीय. तिथून बाबांचं हिरवं दिसतं, हाताचं एक बोट दिसतं. ते मला पुरेल. बाकीचे पंधरा जिथे आहेत तिथेच राहतील.

समितीतल्या दोघा कडकांपैकी एकांनी फळी नापसंत केली. मूळ हात झाकलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्यांनी मात्र तुमची सगळी हकिगत माझ्याकडून ऐकून घेतली आणि मत दिलं. मोठ्या दालनात जागा मिळाली नाही, पण आत शिरताना डाव्या भिंतीवर मिळाली. पाच डिसेंबरला उद्घाटन आहे. आईला कल्याणहून घेऊन, बायजाकाकूला घेऊन या. आईला मी सगळं लिहिलं. तिने उत्तरात एकच ओळ लिहून पाठवली, की ओझं उतरलं.

तुमची एक आज्ञा मात्र मी मोडलीय. काल फॉर्म भरला. चित्रकाराचं नाव या रकान्यात दोन नावं लिहिली, दामाजी तांडेल आणि गोमाजी तांडेल. त्याखाली रकाना होता, वस्तू देणाऱ्याचं चित्रकाराशी नातं. मी ‘मुलगी’ लिहिलं. कारकून म्हणाला, की नावं दोन आहेत, तेव्हा कोणाची ते लिहा. मी त्याला सांगितलं, की लिहिलंय ते बरोबर आहे, आणि सही करून दिली.

आशीर्वाद घेतला. असाच देत राहा.

तुमची,
मालू